पायाला न चावणारी मोनोफिन कुठली घ्यावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी पणजीत राहतो. ग्रँड आयलंडच्या बाजूला हौसेखातर फ्रीडायव्हिंग (टाकीशिवाय, श्वास रोखून पाण्याखाली जाणं) करतो, अर्थात जोडीदार सोबत असेल तरच. विक्रम-बिक्रम काही करायचे नाहीत. आजवर लांब दुहेरी फिन्स (प्रत्येक पायात पोहण्याचं वेगळं पातं) वापरल्या, आता मोनोफिन घ्यायची आहे.

अडचण पायांची आहे. माझे पंजे रुंद. मोनोफिनमध्ये दोन्ही पाय एकाच पात्याला जखडलेले असतात, त्यामुळे फूट पॉकेट (पाय घालायचा रबरी कप्पा) चावायला लागलं की पाण्यात सुटका नाही. सैल घेतलं तर टाच निसटते आणि ताकद वाया जाते; घट्ट घेतलं तर बोटं बधिर. माप निओप्रीनचे मोजे घालून द्यावं की अनवाणी? आपल्याकडचं पाणी कोमट, त्यामुळे मोजे लागलेच तर फक्त पाय घासू नयेत म्हणून.

पातं फायबरग्लासचं आणि मऊ, एवढं नक्की. कार्बन हलकं, चपळ, सगळं मान्य. पण किंमत बघा, आणि खडकावर आपटलं की संपलं. कडक पात्याने मांड्या लवकर भरून येतात, आणि राबणारे स्नायू ऑक्सिजन खातात तो वेगळाच.

पॉकेट पात्याला तिरकं बसवलेली मोनोफिन कोणी वापरली आहे का? घोट्यावरचा ताण खरंच कमी होतो? माझा घोटा फारसा ताणला जात नाही, म्हणून विचारतोय.

आणि गोव्यात किंवा मुंबई-पुण्यात पायात घालून बघायला मिळेल असं कोणाकडे आहे का? मापाच्या तक्त्यावर भरवसा ठेवून बाहेरून मागवायचं जिवावर येतं. जुनी, वापरलेली असली तरी चालेल.