ऐन सौद्यात टॉमकॅट बंद करायची वेळ येते, काय करू?

विश्रामबागकर: सांगलीत मार्केट यार्डातल्या एका अडत्याचं सॉफ्टवेअर मी एकटाच सांभाळतो. जावा ८, टॉमकॅट ९ (जावाचं वेब ॲप चालवणारा सर्व्हर), साधे सर्व्लेट आणि जेएसपी, म्हणजे वेब पानं बनवणारा जावा कोड. परवा हमालीच्या हिशेबात चूक निघाली. दुरुस्ती एका ओळीची, पण सर्व्हर बंद-चालू करण्यात चार मिनिटं गेली. नेमका हळदीचा सौदा चाललेला, दिवाणजी पट्टी करायला बसलेले, आणि सगळ्यांचं लॉगिन उडालं. "यापरीस आमची वही बरी," हे अख्ख्या पेढीसमोर ऐकलं.

म्हणून कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे टॉमकॅटमधल्या ॲपच्या सेटिंगमध्ये, रीलोडेबल ट्रू केलं. आता नवा क्लास आपोआप उचलतो, पण सात-आठ वेळा झालं की मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवायची मेमरी) भरल्याची एरर येते. मर्यादा २५६ एमबी मीच घातलीय. वाढवू का?

कराडचा: वाढवून आठव्याऐवजी सोळाव्या वेळी पडेल, बाकी काही नाही. रीलोडला टॉमकॅट नवा क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) करून ॲप त्यात परत भरतो. जुन्याला बाहेरून एकाने जरी धरून ठेवलं तरी तो सगळ्या क्लाससकट तसाच राहतो. तुझ्याकडं हरिपूरच्या हळदीच्या पेवासारखी साठवण चाललीय! मागं सतत चालणारा स्वतःचा एखादा थ्रेड किंवा टायमर चालवतोस का? ॲप थांबताना टॉमकॅट लॉगमध्ये तशी वॉर्निंग देतो, बघ.

विश्रामबागकर: आहे की! शेतकऱ्यांना भावाचा एसएमएस पाठवणारा थ्रेड. वॉर्निंगही रोज येत होती, मी वाचलीच नव्हती.

कोरेगावकर: ॲप बंद होताना टॉमकॅट लिसनरचं कॉन्टेक्स्ट-डिस्ट्रॉइड चालवतो, त्यात तो थ्रेड थांबव. पण रीलोडेबल आपल्या टेबलावरच ठेव, चालू पेढीवर नको. तिथं टॉमकॅट ७ पासून आलेलं पॅरलल डिप्लॉयमेंट वापर, म्हणजे ॲपच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी चालवायच्या. 'हळद##००१.वॉर' चालू असतानाच शेजारी 'हळद##००२.वॉर' ही नव्या आवृत्तीची फाइल (वॉर म्हणजे ॲपचं गाठोडं) टाकायची. आधी बसलेले जुन्यावरच राहतात, नवीन लॉगिन नव्यावर जातं. शून्यं गाळू नकोस, आवृत्तीची तुलना अक्षरांनी होते, नाहीतर १० हा ९ च्या मागं पडतो.

दोन्ही आवृत्त्या एकाच डेटाबेसवर असतात, तेव्हा त्या दिवशी टेबलातले कॉलम हलवू नकोस. आणि तुझा एसएमएस थ्रेडही दोन्हीकडं चालेल.

लॉगिन उडण्याचं कारण वेगळं असेल. नीट बंद केलेला टॉमकॅट सेशन (कोण लॉगिन आहे ती नोंद) फाइलीत ठेवून परत आणतो, पण त्यातले ऑब्जेक्ट सीरियलायझेबल, म्हणजे फाइलीत लिहिता येणारे पाहिजेत.

विश्रामबागकर: युझर क्लास सीरियलायझेबल नव्हताच. थ्रेड आता नीट थांबतो, काल घरी वीस रीलोड मारले, मेटास्पेस जागेवर. एसएमएस वेगळ्या वॉरमध्ये काढतोय, नाहीतर एकाच भावाचे दोन मेसेज गेले की दिवाणजी परत वही काढतील.