अपघातानंतर घरी येऊन प्यायलं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं) लागतं का?

कर्वेनगर_रहिवासी
समजा, सिंहगड रस्त्यावर रात्री कार दुचाकीला धडकली. चालक घाबरून घरी गेला, हातपाय कापत होते म्हणून दारूचे दोन लार्ज (६० मिलीचे पेग) घेतले. दीड तासाने पोलीस दारात. ‘नंतर प्यायलो’ हे कोर्टात टिकतं का? आणि खोटं बोलणारा यातून सुटतो का?

फौजदारी_वकील
१८५ चा गुन्हा गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिग्रॅपेक्षा जास्त अल्कोहोल असण्याचा आहे. त्यामुळे असा बचाव घेता येतो. मग पोलीस बारचं बिल, यूपीआयची नोंद, सोसायटीचं फुटेज, घरातली बाटली किती रिकामी आहे, सगळं बघतात. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

पण मुळात घरी गेलाच का? कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणं चालकाचं काम आहे. जमाव अंगावर आला तर सूट आहे, पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर आणि फार तर २४ तासांत कळवावंच लागतं. १८५ मधून सुटला तरी हे कलम मानेवर राहतंच.

न्यायवैद्यक_डॉ
खोटं बहुतेक आकड्यांत सापडतं. ६० मिली व्हिस्कीत (४२.८ टक्के) साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याचे ४०-४३ मिग्रॅ होतात, म्हणजे एका लार्जमध्येच मर्यादा ओलांडली. दोनचे फार तर ८५. रिपोर्ट १५० आला, तर वरचे ६५ कुठून आले? शरीर तासाला साधारण १५ मिग्रॅ उतरवतं. दीड तासाचे २२ मिळवा, अपघाताच्या वेळी ८७ च्या आसपास निघतात. वजन, जेवण, स्त्री-पुरुष यांनी आकडा हलतो, पण ३० च्या खाली आणणं अवघड.

खरं बोलणाऱ्याने तासाभराच्या अंतराने दोन नमुने घ्यायची लेखी मागणी करावी. दारू नुकतीच पोटात गेली असेल तर दुसरा आकडा चढता येतो, जुनी असेल तर उतरता. रक्त काढताना कातडी स्पिरिटने पुसू देऊ नका. बाटलीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर रक्त आंबून आकडा बिघडू शकतो. सील आणि लेबल डोळ्यांसमोर लागू द्या. मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर पोर्श अपघात प्रकरणात नमुने बदलल्याचा आरोप डीएनए तपासणीतूनच पुढे आला होता.

विमा_दावे
दारू सिद्ध झाली तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. चाचणीच झाली नाही म्हणून निश्चिंत राहू नका. परिस्थितीवरूनही विमा कंपनी नशा सिद्ध करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय.

कर्वेनगर_रहिवासी
आणि चालक एक थेंबही प्यायलेला नसेल तर?

फौजदारी_वकील
तर चाचणी होईपर्यंत पाण्याशिवाय काही घेऊ नये. जागेवरूनच ११२ ला फोन करावा, त्यामुळे वेळेची नोंद राहते. पोलीस आले की स्वतःहून श्वासचाचणी मागावी आणि आलेल्या आकड्याची छापील पट्टी घ्यावी. चालकाने चाचणीला नकार दिला तर कलम २०५ नुसार तो नकारच विरोधात जातो.