नव्या गावच्या चर्चच्या मंडळीत आपलं कसं व्हायचं? (कोल्हापूर)

तिसरी_पाळी:
सर्वांना सलाम. माझं वय २५, गाव नगर जिल्ह्यातलं. डिप्लोमा करून गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला लागलोय. राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहतो. रविवारी खोलीतली पोरं झोपलेली असतात, मी रात्रपाळीवरून येऊन तोंड धुतो आणि उपासनेला जातो.

गावाकडं घंटा वाजवायला मी, नाताळात गव्हाणीचा देखावा करायला मी, शनिवारी रात्री भजनाला ढोलकीवर मी. इथं शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो. आशीर्वचन झालं की बाहेर घोळके होतात, सगळे एकमेकांचे मामा, आत्या, साडू. कुणीतरी हात मिळवून विचारतं, "कुणाचा तू?" मी म्हणतो, "इथला नाही, नगरकडचा." "बरं बरं" म्हणतात आणि बोलणं तिथंच संपतं. तरुण संघात सगळी अकरावी-बारावीची पोरं. त्यांच्या वरचे एकदम बायकापोरांवाले. मधल्या वयाची बहुतेक पुण्याला नोकरीला गेलीत.

कंपनीतला मित्र एका नव्या फेलोशिपला, म्हणजे नव्या धाटणीच्या प्रार्थनासभेला, घेऊन गेला. हॉलमध्ये गिटार, ड्रम, पडद्यावर गाणी. त्यांनी माझं नाव लिहून घेतलं, वाढदिवस विचारला, आठवड्यात फोन केला. त्या फोननं खरंच डोळ्यांत पाणी आलं. पण प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) गुडघे टेकत वाढलेला माणूस मी, तिथं चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मोठं झाल्यावर परक्या गावच्या मंडळीत माणूस खरंच मुरतो का? कुणाला जमलं असेल तर सांगा.

कावळा_नाका:
भावा, ज्यांनी फोन केला त्यांच्याकडं जा. आमच्या जुन्या मंडळ्यांना माणूस आला काय आणि गेला काय, पत्ता नसतो. मी इथंच जन्मलोय, तरी सांगतोय.

निवृत्त_सिस्टर:
बाळा, सलाम. मीपण बाहेरचीच, जालन्याकडची. मिरजेला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकले, नोकरी कोल्हापुरात लागली, लग्न होईपर्यंत होस्टेलवर राहिले. मलाही सगळे हेच विचारायचे, कुणाची तू?

हा प्रश्न कुठून येतो ते आधी सांगते. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. न्यू शाहूपुरीतल्या वाइल्डर मेमोरियल चर्चला त्यांचंच नाव आहे. त्या काळात बाप्तिस्मा घेतला की माणसाचं घरदार तुटायचं, भाऊबंद दारात उभं करायचे नाहीत, लेकीला स्थळ मिळायचं नाही. मग या माणसांनी आपसात सोयरिकी केल्या, मिशनच्या शाळा-दवाखान्यांच्या आसपास राहिली, एकमेकांच्या मयतीला खांदा दिला. पिढ्या गेल्या आणि सगळी मंडळी एकमेकांची पाहुणी होऊन बसली. "कुणाचा तू" विचारतात तेव्हा तुला कुठल्या घराशी जोडायचं ते शोधत असतात. "नगरकडचा" म्हटलं की त्यांना काही सापडत नाही, म्हणून गप्प होतात. तू तिथं थांबू नकोस. गाव सांग, पाळकांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) नाव सांग, आजोळ सांग. पाळकांच्या बदल्या होतात, लेकी नगर-जालन्याला दिलेल्या असतात, कुणीतरी ओळखीचं निघतंच.

पण तुला कुणी साधा फोन केला नाही, हे चूकच. त्याला इतिहासाचं कारण देणार नाही. फेलोशिपवाल्यांनी तुला माणूस म्हणून विचारलं, त्यांच्याशी नातं तोडू नकोस.

गुडघ्यांचं म्हणशील तर, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्याआधी कोल्हापूर-मिरज हा प्रेस्बिटेरियन पंथाचा भाग. नगरकडं अमेरिकन मराठी मिशन होतं आणि एसपीजी या इंग्लंडच्या संस्थेचं अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाचं, मिशनही. प्रभुभोजन गुडघे टेकून घ्यायची रीत अँग्लिकनांची, म्हणजे तुझं घर बहुतेक त्याच वळणाचं असणार. पाटी एक झाली, पण उपासनेत उठण्या-बसण्याच्या सवयी ज्याच्या त्याच्या राहिल्या. तू खुशाल गुडघे टेक. इथं त्याला कुणी नावं ठेवत नाही.

गावच्या पाळकांकडून सभासदत्वाचं आणि दृढीकरणाचं (मोठेपणी विश्वास कबूल करायच्या विधीचं) पत्र मात्र लगेच आण. तरुण माणसं हे कागदाचं काम म्हणून टाळतात. मंडळीच्या यादीत नाव चढलं, वर्गणी सुरू झाली की वार्षिक सभेत उभं राहून बोलता येतं. आपल्या वयाच्या लोकांसाठी काहीच नाही, हे तिथं बोल. पाहुण्याची तक्रार कुणी ऐकत नाही रे, घरच्या माणसाची ऐकावी लागते.

आणि रविवारच्या दीड तासात कुणी कुणाचं होत नाही. आमच्या मंडळीतल्या एक आजी शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळल्या होत्या. ड्यूटी सुटली की मी जायची, कूस बदलायची, पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग करायची. आजी गेल्या तेव्हा दफनाच्या वेळी सुनेनं मला हाताला धरून घरच्या बायकांत उभं केलं. त्यानंतर कुणाची तू, असं मला कुणी विचारलं नाही. तुला नर्सिंग येत नाही, पण ढोलकी येते ना? नाताळच्या आधी कॅरलला, म्हणजे नाताळची गाणी म्हणायला, आम्ही घरोघरी जातो, परतायला मध्यरात्र होते. गाणारे पुष्कळ आहेत, वाजवणाऱ्यांचीच वानवा आहे. तुझ्या वयाची पोरं पुण्याला गेली, हे तूच लिहिलंस.

नागाळा_पार्क_२७:
मधल्या वयाचं कुणीच नाही असं नाही. मी बँकेत आहे, लग्न झालेलं नाही. आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एकदा एकाच्या घरी जमतो. शास्त्र वाचतो, पगार, घरभाडं, घरच्यांनी लावलेला लग्नाचा धोशा, सगळं बोलतो, एकमेकांसाठी प्रार्थना करतो आणि मग जेवतो. चर्चच्या सूचनांत हे येत नाही, कारण आम्ही कधी द्यायलाच सांगितलं नाही. या रविवारी पाळकसाहेबांना सांगते. दादा, तुम्ही मेसेज करा.

तिसरी_पाळी:
मेसेज केला ताई. सिस्टर, गावच्या पाळकांना फोन केला, पत्र देतो म्हणाले. माझे आजोबा कॅटेकिस्ट, म्हणजे मंडळीत धर्मशिक्षण देणारे होते, हे मी इथं कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. विचारायचं एवढंच होतं, की पुढच्या आठवड्यात दुसरी पाळी आहे, म्हणजे कॅरलचा संध्याकाळचा सराव हुकणार. रात्रपाळी लागली की येईन. एक आठवडा सोडून आलेलं चालतं का?

निवृत्त_सिस्टर:
चालतं. फक्त पाळीचा तक्ता मला पाठव, म्हणजे तू नसशील त्या दिवशी दुसरं कुणी बघता येईल. आणि सराव सुटल्यावर उपाशी कामावर जाऊ नकोस, आमच्याकडं जेवून जा.