ईथन फ्रोम की न्यूलंड आर्चर: झाडीपट्टीच्या मंचावर कोण टिकेल?

वैनगंगाकाठ
इडिथ व्हॉर्टन यांच्या दोन कादंबऱ्यांत दोन नवरे आहेत आणि दोघांचंही मन लग्नाबाहेर गुंतलंय. ‘ईथन फ्रोम’ (१९११) मधला ईथन हा मॅसॅच्युसेट्समधल्या स्टार्कफील्ड या काल्पनिक, बर्फाळ गावचा शेतकरी. नापीक शेत, एक आरागिरणी, सतत आजारी असणारी बायको झीना आणि घरकामाला आलेली तिच्याच नात्यातली मॅटी. ‘द एज ऑफ इनोसन्स’ (१९२०) मधला आर्चर १८७० च्या दशकातल्या न्यूयॉर्कचा खात्यापित्या घरचा वकील. बायको मे, आणि जीव जडलाय मेची बहीण लागणाऱ्या एलनवर.

झाडीपट्टीसाठी, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या रंगभूमीसाठी, रूपांतर करायचं तर ईथनच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. खरा अडकलेला तोच. त्याचा हिशेब बघा. शेत आणि गिरणी, दोन्हीवर आणखी कर्ज मिळणार नाही इतकं गहाण. मॅटी पगार न घेता काम करत होती. झीना तिला काढून पगारी मुलगी आणते, म्हणजे खर्च वाढला. मॅटीला घेऊन पश्चिमेकडे पळावं म्हणून तो झीनाला चिठ्ठी लिहायला बसतो, आणि मधेच लक्षात येतं की तिकिटालाही पैसे नाहीत. वडसा, लाखांदूर, साकोलीकडच्या प्रेक्षकाला गहाण जमीन समजावून सांगावी लागत नाही.

आर्चरला मी अडकलेला मानतच नाही. लग्नाआधी फ्लोरिडात मे स्वतः त्याला विचारते, दुसरी कोणी असेल तर मी तुला मोकळं करते. तो नाही म्हणतो. दार उघडं होतं, यानं आतून कडी लावली.

पडद्यामागचा
भाऊ, मेचा प्रश्न तुम्ही अर्धाच सांगितला. तिच्या मनात तेव्हा आर्चरचं जुनं, संपलेलं प्रकरण आहे. एलनचं नाव तिथं निघतच नाही. त्यामुळे तो जे ‘नाही’ म्हणतो ते त्या प्रश्नापुरतं खरंच आहे. त्यानंतर न्यूयॉर्कला परतून तो एलनला मन सांगतो, आणि त्याच रात्री मेची तार येते की घरचे लवकर लग्नाला तयार झाले. लग्न लवकर व्हावं म्हणून हट्ट त्यानंच धरला होता. एलनला घटस्फोटापासून परावृत्त करणारा वकीलही तोच. स्वतःच्या हातानं एकेक वीट रचलेली भिंत रंगमंचावर पायरी-पायरीनं दाखवता येते. ईथनची गरिबी पहिल्या प्रवेशात जेवढी, तेवढीच शेवटच्या प्रवेशात. त्यात चढ नाही.

दुसरी अडचण धंद्याची आहे. झाडीपट्टीचा प्रयोग रात्री सुरू होतो तो पहाटेपर्यंत चालतो. मागच्या माणसाला चेहरा दिसत नाही, त्याला आवाज लागतो, संवाद लागतो, ऑर्गनवर उचलता येईल असं गाणं लागतं. ईथनच्या तोंडून तर शब्द फुटत नाही. मॅटीसोबत एकटा असतानाही तो तिच्या हातातल्या शिवणाच्या कापडाला हात लावून बसतो. प्रॉम्प्टर त्याला काय सांगणार?

मंडईवाली
तुम्ही दोघंही नवऱ्यांकडेच पाहून राहिले. झीना कोण आहे? ईथनच्या आजारी आईची सेवा करायला आलेली बाई. आई गेली, समोर हिवाळा, घरात एकटं राहायची भीती, म्हणून यानं तिला थांबवून घेतलं. आई वसंतात वारली असती तर हे लग्न झालंही नसतं, असं त्यालाच वाटतं. ती त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. कथेच्या वेळी हा अठ्ठावीसचा, ती पस्तिशीची. तिला खलनायिका करून प्रेक्षकांच्या शिव्या खायला लावणार असाल तर हे नाटक करूच नका.

करायचंच असेल तर लोणच्याच्या लाल काचेच्या डिशवर जीव ओता. ती झीनाला लग्नात मिळालेली, कधीच न वापरलेली. झीना डॉक्टरकडे एक रात्र बाहेर असते, तेव्हा मॅटी ती जेवणाला काढते आणि मांजर ती पाडून फोडते. ईथन तुकडे कडेला कड जुळवून वरच्या फळीवर ठेवतो, खालून पाहिलं तर अख्खी वाटावी म्हणून. डिंक आणून चिकटवायचा बेत असतो. पण झीना शिडीवर चढते ती पोटाची पूड काढायला, कारण ती तिनंच त्या फळीवर ठेवलेली असते. मंचावर फळी डोक्याच्या वर पाहिजे आणि झीनाचा हात आधी पुडीवर जायला पाहिजे, मग डिशवर. हात थेट डिशवर गेला तर ती चोर पकडायलाच आल्यासारखी दिसते. मग तिचं रडणं लोकांना खोटं वाटेल.

वैनगंगाकाठ
ताई, हे मान्य. झीनाला रडू द्यायचं, तेही मोठ्यानं.
पण पडद्यामागचे भाऊ, चढ नाही हे चूक. ईथनकडून लाकूड घेणारा, घरं बांधणारा हेल आठवा. ईथन त्याच्याकडे पन्नास डॉलर उचल मागतो, हेल नाही म्हणतो. मॅटी जायच्या दिवशी तो पुन्हा निघतो, या वेळी झीनाच्या आजारपणाचं निमित्त सांगून पैसे काढायचे ठरवून. वाटेत हेलची बायको भेटते आणि म्हणते, तुझे फार हाल झाले रे. तेवढ्या मायेच्या शब्दावर तो मागे वळतो. ज्यानं आपल्यावर दया केली त्याला फसवायचं कसं? इथं गरिबीसोबत त्याचा सज्जनपणाही आडवा येतो. ऑर्गन इथं वाजवा, हेलची बायको गेल्यावर.

पडद्यामागचा
चांगला प्रवेश आहे, ना जी. तरी एलनच्या निरोपाचं जेवण त्याहून भारी पडेल. सगळे नातेवाईक गोड बोलून राहिलेत, आणि आर्चरला ताटावर बसल्या बसल्या कळतं की हे सगळे आपल्याला एलनचा प्रियकर समजतात आणि तिला देशाबाहेर पाठवायला एक झालेत. पाहुणे गेल्यावर तो दूर प्रवासाला जायचं बोलू लागतो, तर मे सांगते की दिवस गेलेत. एलनला तिनं हे दोन आठवडे आधीच सांगितलेलं, खात्री नसतानाच. एका वाक्यात नवरा जागच्या जागी बांधला. गावातल्या बायका हा डाव एका क्षणात ओळखतील.

आरागिरणी
जेवणाच्या प्रवेशाला कपडेपट आणि माणसं किती लागतील ते पाहा. हंगामात कलाकार रोज नव्या गावी असतात, एवढी मूक पात्रं कोण घेऊन फिरणार? ईथनला चार-पाच माणसांत भागतं.

शेवटची बर्फावरच्या घसरगाडीची धडक मात्र नीट ठरवा. मॅटीच म्हणते की एल्मच्या झाडावर गाडी घाल, म्हणजे वेगळं व्हायला नको. उतरताना ईथनला समोर झीनाचा चेहरा दिसतो, गाडी किंचित वळते, तो ती पुन्हा सरळ करतो. दोघंही वाचतात, तो लंगडा होतो, मॅटी पंगू. पडद्यावर बर्फ रंगवून गाडी ओढत नेली तर पोरं हसतील. गाडी मंचावर स्थिर ठेवा, दोघं प्रेक्षकांकडे तोंड करून, ईथन पुढं, मॅटी मागून धरून. दिवे एकेक करून घालवा, झीनावर एकच राहू द्या, मग ढोलक एकदम बंद.

पुढचा अंक वीसहून जास्त वर्षांनी उघडतो आणि दोघांना सांभाळते ती झीना. मंडईवाली ताईंचं म्हणणं इथं आपोआप उभं राहतं. फक्त हेलचा पहिला नकार गाळू नका. संहिता कापताना असले छोटे प्रवेश आधी जातात, आणि तो गेला की दुसऱ्यांदा मागायला निघण्यातली लाज कोणालाच कळणार नाही.