मदत हवी आहे : गंगाराम कांबळे यांचं हॉटेल आणि ग्रीन्सबरो

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत नववीच्या मुलांसाठी समतेच्या लढ्यांवर भित्तिपत्रकं करतोय. १ फेब्रुवारी १९६० ला अमेरिकेत ग्रीन्सबरोला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या खानावळीच्या काउंटरवर जाऊन बसले. वाढायला नकार मिळाला, तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली, बघता बघता हे लोण कितीतरी शहरांत पोचलं.

हे शिकवताना मला आपले कोल्हापूरचे गंगाराम कांबळेच आठवतात. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या या माणसानं तिथं चहाचं हॉटेल काढलं होतं. त्यांच्या हातचा चहा शाहू महाराज स्वतः येऊन प्यायचे, तेही ग्रीन्सबरोच्या कितीतरी आधी! इथं खुद्द राजा बाजूनं होता आणि तिथं मुलं एकटी, हा फरकही मुलांना नीट सांगायचाय.

तर विचारायचं असं, की त्या हॉटेलचा जुना फोटो कुणाकडे आहे का? नेमकी जागा दाखवू शकणारं कुणी जाणतं माणूस? शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या, मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के राखीव जागांच्या जाहीरनाम्याची स्वच्छ प्रतही हवी आहे. शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर दोघंही हजर असलेल्या, अस्पृश्यांच्या १९२० च्या माणगाव परिषदेबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांकडून काही ऐकलं असेल तर तेही जरूर कळवा. मुलांना घेऊन भेटायला येऊ.