आजीच्या चादरीवरून हॉलचा रंग ठरवला तर घरचे म्हणतात भंगार सजवलंय. तुम्हाला काय वाटतं?

विजापूररोडवाली

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सवडीने वाचा. मागच्या वर्षी आम्ही सोलापुरात विजापूर रोडला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो. टू बीएचके, सगळ्या भिंती पांढऱ्या, आणि इंटिरिअरवाल्याने तीन थीम दाखवल्या तर तिन्हीत तोच राखाडी सोफा, त्याच सोनेरी पट्ट्या, तेच खोटं गवत. मला एकही भावेना. त्याच सुमारास शुक्रवार पेठेतला आजीचा वाडा पाडायला काढला म्हणून सामान आवरायला गेले, तर माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत तळाशी एक चादर निघाली. डांबरगोळ्यांचा वास, घडीवर पिवळी रेघ, पण उलगडली आणि मी खालीच बसले. मोरपंखाची नक्षी, मरून जमिनीवर हिरवे पंख, आणि उलटी केली की हिरव्या जमिनीवर मरून पंख. एका टोकाला पाय घासून घासून विरलेली, तिथे आजीने काळ्या दोऱ्याने रफू केलेलं, टाके इतके बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळत नाहीत.

मग मी थीम बीम सोडली. ती चादर हॉलच्या मोठ्या भिंतीवर लावली, तिच्या हिरव्यातला फिका हिरवा समोरच्या भिंतीला दिला, उशांचे अभ्रे मरून, आणि बाकी काही नाही. वाड्यातल्या सागवानी खुंट्या दाराजवळ ठोकल्या. एका भंगारवाल्याकडे मागाचे सहा धोटे, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होड्या, मिळाले, वजनावर दिले त्याने, ते पॉलिश करून फळीवर लावले आणि त्यांना किल्ल्या अडकवते.

जाऊबाई आल्या आणि म्हणल्या, लाखाचा फ्लॅट घेऊन भंगार का लावलंय. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. माझं मत ठाम आहे, घर सजवायची सुरुवात आपल्याला मनापासून आवडलेल्या एका जुन्या वस्तूपासून करावी, रंग कापड सगळं तिच्यातून काढावं, मोबाइलवरच्या फोटोंतून नाही. तुमचं काय म्हणणं?

जुळेसोलापूरची_आई

ताई राग मानू नका पण मी तुमच्या जाऊबाईंच्या बाजूने. जुनं फोटोत छान दिसतं, सांभाळताना जीव जातो. मार्चपासून आपल्याकडे जी धूळ सुरू होते ती जूनपर्यंत, दिवसाआड ओलं फडकं मारलं तरी बोटाला येते, त्यात भिंतीवर जाड सुती चादर म्हणजे धुळीचं गोदामच की, आणि घरात दम्याचं माणूस असलं तर? आमच्या मोठ्याला आहे म्हणून सांगतेय.

मीपण हौसेने सासूबाईंचा तांब्याचा बंब बाल्कनीत ठेवलेला, कुंडी म्हणून. दोन पावसाळ्यांत हिरवा पडला, घासायला चिंच किती लागते माहितेय का? शेवटी मोलकरणीने हात जोडले. जुनं जपायचं तर वापरात जपावं. आमच्या घरात पितळी डबे आहेत, त्यात रोजची डाळ तांदूळ असतात, ते चकचकीत राहतात कारण रोज हात लागतो. शोकेसमध्ये ठेवलेलं जुनं मेल्यासारखं दिसतं मला.

विजापूररोडवाली

दम्याचं खरंय, ते माझ्या डोक्यातच नव्हतं. चादर महिन्यातून एकदा उतरवून गच्चीवर सावलीत झटकते, उन्हात नाही कारण रंग उडतो. पण तेवढ्याने दम्याच्या माणसाचं भागणार नाही हे मान्य. वापरातलं जपावं हेही पटतं, पण आजीची चादर पांघरायला घेतली तर सहा महिन्यांत चिंध्या होईल, तिचं काय करू?

पूर्वभागातला

मला धोट्यांबद्दल बोलायचंय.

माझे वडील विणकर, आजोबा विणकर, आम्ही तेलंगणातून आलेले पद्मशाली, दत्त नगरात घराच्या पुढच्या खोलीत दोन माग होते आणि मागच्या खोलीत आम्ही सात जण. धोट्याच्या कडेला एक बारीक भोक असतं बघा. आतली सुताची कांडी बदलली की नवीन सुताचं टोक त्या भोकाला तोंड लावून आत ओढून घ्यायचे, दिवसातून किती वेळा त्याचा हिशोब नाही. सुताबरोबर कापसाची धूळ छातीत. माझ्या वडिलांचा खोकला आम्हाला घड्याळासारखा होता, पहाटे किती वाजले ते त्यावरून कळायचं. पुढे माग वजनावर गेले, लोखंडाच्या भावात. धोटेपण त्यातच गेले असणार.

आणि आज त्याला पॉलिश करून किल्ल्या अडकवायच्या. ताई तुम्ही वाईट हेतूने केलं नाही हे कळतंय मला, पण बघताना पोटात कसंतरी होतं. जुनं जुनं करून तुम्ही हजारो रुपये अँटिकवाल्याला देणार आणि पूर्व भागात, आमच्या विणकरांच्या वस्तीत, आज जो माणूस चादर विणायलाय त्याच्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करणार, लई जवळून बघितलंय मी हे. सोलापुरी चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, टॉवेललाही आहे, तरी दुकानात सोलापुरी म्हणून बाहेरचा माल खपतो. घर सजवायचंय ना, मग आज विणलेली घ्या. जुन्या चादरीचा पैसा विणणाऱ्याला एकदाच मिळाला, केव्हाच.

रंधा_आणि_पटाशी

मी सुतारकाम करतो, तीस वर्षं झाली. वरच्या दादाचं म्हणणं काळजाला लागलं, त्यावर मी काही बोलणार नाही, फक्त लाकडाचं सांगतो कारण वाड्यांच्या लाकडाचं काय होतं ते रोज बघतो.

वाडा उतरवला की तुळया घनफुटावर विकल्या जातात, चांगलं जुनं सागवान असतं, पण कोरलेली चौकट, देवळीची महिरप, कडी कोयंडा याला घनफूट नाही त्यामुळे ते जळणात जातं. चुलीत गेलेली महिरप मी डोळ्यांनी बघितलीय. म्हणून कोणी खुंट्या घरी नेल्या तर मला आनंदच होतो. फक्त घेताना बघून घ्या. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील आणि खाली पिठासारखा भुगा पडत असेल तर कीड जिवंत आहे, ती वस्तू घरात आणू नका, आधी औषध मारून महिनाभर बाहेर ठेवा. जुना ऑइलपेंट असेल तर घरात घासायला बसू नका, पूर्वीच्या रंगात शिसं असायचं, लहान मुलं असतील तर अजिबात नाही. आणि जुनं पॉलिश कुठलं आहे ते बघायला मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवा, चिकट झालं तर चपड्याचं म्हणजे लाखेचं फ्रेंच पॉलिश, ते तसंच वर एक हात देऊन उजळतं, सगळं खरवडून काढायची गरज नसते. लोक मशीन लावून शंभर वर्षांचा रंग दहा मिनिटांत उडवतात आणि मग म्हणतात जुना लुक येईना.

मूळसोलापूर_हल्लीपुणे

मी जुन्या वस्तूंच्या बाजूचाच, पण एक धोक्याची सूचना. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर असते माझी, मुंबईत गेलो की चोर बाजार. पितळी कर्ण्याचे जे ग्रामोफोन दिसतात ना, त्यातले बहुतेक आत्ताच जोडलेले असतात, पेटी नवी, कर्णा नवा, फक्त बिल्ला जुन्यासारखा. रविवर्म्याच्या चित्रांचंही तेच. त्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, तिथली ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, म्हणून दुकानदार सरसकट काहीही खपवतात. भिंग घेऊन बघा, सारख्या अंतरावर रांगेत ठिपके दिसले तर ते हल्लीच्या ऑफसेटवर छापलेलं, जुन्या शिळाछापाचा दाणा ओबडधोबड असतो. मी पहिलं चित्र भिंग न लावता घेतलं आणि फसलो.

शिवाय १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांवरच्या मूर्ती, चित्रं घरात असतील तर नोंदणी करावी लागते, परदेशात तर नेताच येत नाहीत. कोणी देवळातली मूर्ती स्वस्तात देतो म्हणाला तर तिथून निघा.

बाकी आवडलेल्या नक्षीवरून रंग काढायचे ही कल्पना मला एकदम पटली. आमच्याकडे बिदरीची एक सुरई आहे, काळ्यावर चांदीची वेल, बिदर काय आपल्या सोलापूरहून लांब नाही. तिच्यामुळे हॉलमध्ये काळा आणि पांढरा सोडून काही आणलंच नाही, आणि बारा वर्षं झाली अजून कंटाळा आला नाही.

नवीसून_अशोकचौक

माझं मत उलटं आहे आणि थोडं तिखट आहे. जुन्याची हौस कोण करतं बघा, ज्याला नवं घेणं कधीही जमतं तो. माझ्या माहेरी सगळंच जुनं होतं, कारण दुसरं काही नव्हतं. पत्र्याची ट्रंक, मोडका पाट, दुसऱ्याच्या घरून आलेलं कपाट. लग्नानंतर पहिल्यांदा नवीन कोरा सोफा आला, त्याचं प्लास्टिक मी आठ दिवस काढलं नाही. मला माझ्या घरात पांढरी भिंत आणि चकचकीत फरशीच हवी, आणि त्यात मी कुठे कमी पडते असं मला वाटत नाही. तुमच्या दृष्टीने आमची आवड मोबाइलवरची नक्कल असेल, आमच्यासाठी ते पहिल्यांदा स्वतः निवडलेलं आहे.

जुळेसोलापूरची_आई

नवीसूनबाई अगदी बरोबर बोललीस गं. फक्त फरशीवर माझं वेगळं. सासरच्या घरात शहाबादी होती, ती फोडून व्हिट्रिफाइड टाकली आणि पहिल्याच एप्रिलमध्ये रडायची वेळ आली. शहाबादीवर उन्हाळ्यात दुपारी नुसतं अंग टाकलं तरी झोप लागायची, चटईसुद्धा नको, दोन तास पडलं की पाठ गार. ती फरशी आपल्या शेजारच्या गुलबर्ग्याकडची, आपल्या उन्हाला ओळखणारी. कोणाकडे असेल तर फोडू नका. आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड तिच्यावर कधी टाकू नका, चुनखडीचा दगड तो, खाल्ला जातो आणि पांढरे डाग कायमचे. साध्या पाण्याने पुसा, बस.

रंधा_आणि_पटाशी

ताई, चादर भिंतीवर खिळे मारून लावली असेल तर आजच काढा. तिचं वजन त्या दोन भोकांवर येतं आणि कापड तिथून फाटतं. मागून वरच्या कडेला सुती पट्टी हाताने शिवा, नेफ्यासारखी, त्यातून लाकडी दांडी घाला म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडेल. दांडी मी करून देईन.

विजापूररोडवाली

खिळेच मारलेत. आजच काढते काका.

नवीसूनताई, मी फोटोंबद्दल जे लिहिलं त्यात तुम्हाला टोमणा लागला असेल तर माफ करा. प्लास्टिक आठ दिवस न काढण्याचं वाचून माझी आई आठवली, तिने पहिल्या फ्रीजचं असंच केलेलं.

आणि पूर्वभागातले दादा, तुमचं वाचून मी उठून धोटे बघितले. भोक आहे. एकाच्या भोकाची कड इतकी गुळगुळीत झालीय की बाकीच्या पाचांशी जुळत नाही, मला वाटलं होतं पॉलिशने झालं. किल्ल्या काढल्या सगळ्या. आता ते काय करावेत मला कळत नाहीये, फेकणार तर नाही. तुमच्याकडे एकही धोटा राहिला नसेल तर तो गुळगुळीत कडेचा तुम्ही घेऊन जा, मनापासून सांगतेय.

पण तुमच्या एका म्हणण्याशी मी भांडणार. जुनी चादर भिंतीवर नसती तर नवी घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. आमच्या घरात दुकानातली मऊ पॉलिस्टरची ब्लँकेटं होती, दहा वर्षं सोलापुरात राहून. आजीची चादर बघूनच मला कळलं की दोन्ही बाजू सरळ असलेलं कापड काय असतं. आता मला हीच नक्षी नवीन विणून हवी आहे, दोन पलंगांना दोन, पांघरायला, आणि घासाघीस करणार नाही. असं कोणी करून देतं का?

पूर्वभागातला

ताई, धोटा घ्यायला येईन. आईला दाखवायचाय.

नक्षीचं सांगतो. चादर जकार्डवर होते, मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते, एक पुठ्ठा म्हणजे आडव्या सुताची एक ओळ, कुठला उभा धागा वर उचलायचा ते त्या भोकांवरून ठरतं. तुमच्या आजीच्या नक्षीचे पुठ्ठे आता कुठे मिळणं अवघड, भंगारात गेले असतील, म्हणजे आधी नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवायची आणि मग पुठ्ठे नव्याने पाडायचे, खरा खर्च तिथे आहे. त्यामुळे दोन चादरींसाठी कोणी माग अडवणार नाही. इथल्या चार जणांनी मिळून ऑर्डर दिली तर जमेल, माझे एक काका अजून विणतात, त्यांना विचारलंय, ते म्हणले आधी कापड बघू दे. ते अजून किती वर्षं मागावर बसतील माहीत नाही म्हणून लवकर करा.

मूळसोलापूर_हल्लीपुणे

माझ्या दोन धरा. पुढच्या महिन्यात सोलापूरला येतोय, अ‍ॅडव्हान्स तेव्हाच देतो.

नवीसून_अशोकचौक

नवीन विणणार असतील तर एक माझी पण. मरून नको, पांढऱ्यावर निळी जमेल का?

पूर्वभागातला

सूत बदललं की रंग बदलतो, पुठ्ठे तेच. होईल. उलट्या बाजूला निळ्यावर पांढरी मिळेल.

ताई, तुम्ही चादर घेऊनच या, फोटोवरून काका हो म्हणणार नाहीत, त्यांना सूत बोटात धरून बघायला लागतं. रफूची बाजू वर ठेवून घडी घाला म्हणजे ताण येणार नाही. रविवारी सकाळी ११ च्या आत या, त्यानंतर लाइटचा भरवसा नसतो.