मान टाकलेल्या फुलाला 'निर्माल्य' म्हणावं का?

अबोली: राखेल रॉइस (१६६४-१७५०) या डच चित्रकर्तीवरचा लेख मराठीत करतेय. तिच्या पुष्पचित्रांत मागे मिट्ट काळोख, उजेड मधल्या गुलाबांवर, कडेची फुलं अंधारात विरत गेलेली. त्यात एखाद्या ट्युलिपने मान टाकलेली असते. रंग अजून आहे, पण गेलंच समजा. मी 'निर्माल्य' लिहिलं, संपादकांनी लाल रेघ मारली.

कोरा_कागद: रेघ बरोबर. निर्माल्य व्हायला फूल आधी देवाला वाहावं लागतं. कालची शेवंती आज टवटवीत असली तरी निर्माल्यच. फुलदाणीतलं कुजलं तरी नाही.

अबोली: मला त्यातली उदासी हवी होती.

कोरा_कागद: उदासी कसली? निर्माल्याला आपण पाय लागू देत नाही. त्या चित्रांत नेमकं उलट: रूप, पैसा, सगळं व्यर्थ. 'कोमेजलेलं' लिहा.

तिरफळ: आमच्या मालवणीत 'फुलां बावली' म्हणतात. बावलेलं म्हणजे सुकलेलं नव्हे, जीव आहे अजून. आजी संध्याकाळी केसांतला वळेसार (गजरा) काढताना म्हणायची.

कोरा_कागद: पुण्यात कोणाला कळणार?

तिरफळ: पुण्याला न कळणारे शब्द गाळत गेलो तर कोशाची पुस्तिका होईल.

देववाणी: 'म्लान' आहे की! बाकी निर्माल्य हे 'निर्मल'वरून, म्हणून पवित्र.

कोरा_कागद: 'माल्य' म्हणजे माळ हो. उतरवलेली माळ.

देववाणी: ही व्युत्पत्ती तुमची.

रंगपेटी: इलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना मी 'स्थिरचित्र' शिकवते, पण रॉइसच्या पानांवर किडे, सुरवंट वळवळतात. स्थिर काय त्यात? फ्रेंच तर स्थिरचित्राला थेट 'मेलेला निसर्ग' म्हणतात. आणि यान फान हाउसुम बघा, तोही फुलंच रंगवणारा डच चित्रकार. फूल समोर ठेवूनच रंगवण्याचा त्याचा हट्ट, त्यामुळे लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका चित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत. वेगवेगळ्या ऋतूंतली फुलं एकाच फुलदाणीत! जो गुच्छ कधी जमलाच नाही, तो कोमेजला कसा म्हणायचा?

कोरा_कागद: चित्रात कोमेजला ना? पुरे.

अबोली: मग 'मलूल' चालेल? मजकूर उद्या द्यायचाय.

देववाणी: मलूल माणूस असतो, फूल नव्हे.

रंगपेटी: तिरफळ, वळेसार की वळेसर? वेंगुर्ल्याची माझी मैत्रीण 'सर'च म्हणते.

तिरफळ: 'सार'. आणि खरा तो सुरंगीचाच, अबोलीच्या वळेसाराला आमच्याकडे कोणी विचारत नाही. (अबोलीताई, तुम्हाला नाही हो म्हटलं.)